मोटारचं बटण

कालिंदी अकरा मेला भुसावळला गेली,
ओजसला आणि शिलाईच्या हातमशीनला घेऊन.
मशीन कशाला, विचारलं नाही.
नऊ वर्षांत न विचारण्याची शिस्त लागते.
फ्रिजवर यादी: दूध, गॅस, तुळस,
आणि शेवटी, दोनदा अधोरेखित, मोटार.

इंदिरानगरात, जॉगिंग ट्रॅकच्या मागे
आमची चार मजली इमारत.
गच्चीवरच्या टाकीच्या मोटारचं बटण
आमच्या स्वयंपाकघरात आहे.
का, ते बिल्डरला ठाऊक,
आणि बिल्डर दुबईत.

तीन दिवस मी राजा होतो.
बनियनवर मिसळ खाल्ली, तर्री सांडली,
टेबल पुसलं नाही.
चौथ्या संध्याकाळी आंब्याची कोय चोखत उभा होतो
तेव्हा बेल वाजली.

"मी वरची. पगार.
पाणी नाहीये, बटण तुमच्याकडे ना?"
मिताली पगार, मूळची कळवणची,
गंगापूर धरणाकडे एका वायनरीत
पाहुण्यांना घोट घोट चाखवते.
पगार महिन्यातून एकदाच येतो
अशी माझी आजवर समजूत होती.

ही रोज आली. साडेसातला.
मी पावणेसातला दाढी करू लागलो.

धंद्यानं मी सर्व्हेअर, गाड्यांच्या विम्याचा.
चेपलेला पत्रा बघून सांगतो
धडक समोरून बसली की कुशीत,
ब्रेक दाबला होता की नुसतं म्हणतायत.
पाथर्डी फाट्यावर भर उन्हात
ट्रकखाली आडवा होऊन मोजमाप घेताना
मी मनातल्या मनात तिला सोमेश्वरला नेत होतो.
तिथे माझे केस दाट होते.
तिथे मी बोलायचो कमी आणि अचूक.
मग धबधब्याच्या कडेला, मक्याच्या गाडीपाशी,
सासूबाई उभ्या दिसायच्या. लिंबू लावत.

गुरुवारी तिनं बाटली आणली,
तळाशी तीन बोटं उरलेली.
"द्राक्ष दिंडोरीचं, नाव फ्रेंच," म्हणाली,
आणि ओट्यावर बसली.
ओट्यावर! कालिंदी तिथे पोळपाटसुद्धा
विचार करून ठेवते.
काचेचे पेले सापडेनात,
म्हणून स्टीलचे, ओजसच्या बारशातले,
आतेसासूबाईंचं नाव कोरलेले.
"फिरवा. घाई नको. आता वास घ्या.
काय येतंय?"
पेरू म्हणावं, मिरी म्हणावं,
दूरच्या कुठल्या लाकडाचं नाव घ्यावं.
मी म्हणालो, "विमचा."
ती एवढी हसली
की ओट्यावरचा तिचा हात माझ्या हातापासून
चार बोटांवर येऊन थांबला.
मोटार घरघरत होती. मीही.

फोन वाजला.

"जेवलास? तुळस? बरं,
पगारबाई येते ना साडेसातला?
मीच सांगून आले तिला, रोज जा,
बटण दाबून घे, हा विसरतो.
शिवाय माणूस धड आहे का, तेही कळेल."

म्हणजे माझं सगळं वादळ
फ्रिजवरच्या यादीतलं शेवटचं कलम होतं.
माझं दाढीचं ब्लेड, माझं सोमेश्वर.

तिच्या मागे मशीन चालत होतं, मग थांबलं.
एक पुरुषी आवाज: "ही निळी चालतील का?"
"कोण गं?"
"पद्माकर. शेजारचा. बटणं आणून देतो."
"रोज?"
थोडा वेळ भुसावळचं ऊन
फोनमधून माझ्या कानाला लागत राहिलं.
"दुकानच आहे रे त्याचं," ती म्हणाली.
मी नुकसानीचा अंदाज काढायला गेलो,
आकडा येईना.

तेवढ्यात खिडकीबाहेरून पाणी कोसळलं,
खालून चांदोरकर ओरडले, "टाकी भरलीऽऽ!"
आम्ही दोघं एकदमच बटणाकडे झेपावलो.
बोटं बोटांवर आपटली.
दाबलं कोणी, याची नोंद नाही.

"कसला आवाज येतोय?" फोन म्हणाला.
"पाणी," मी म्हणालो. "तुझ्याकडे?"
"मशीन," ती म्हणाली.
मशीन थांबलेलंच होतं.